तिठ्यावरचा उतारा

नांदेड
२७ नोव्हेंबर २०२३

चि. रेणुकादास यास,
अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी लता रस्ता ओलांडताना मोटारसायकलखाली आली. खुब्याचं हाड मोडलं. म्हणून हे पत्र.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, असं येणारा प्रत्येक जण मला सांगून जातो, जणू मी तिथे नव्हतेच. मोटारसायकलवाला पळाला नाही, त्यानेच उचलून रिक्षात घातलं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार रस्त्याबद्दल आहे, आणि हा रस्ता लातूरच्या ज्या कचेरीत आखला गेला तिथे तू बसतोस.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू 'बघतो, आक्का' म्हणतोस. कागदावर तेच लिहायला माणसाला लाज वाटते. निदान वाटावी.

आता नीट वाच. तू मागे आमच्याकडे आलास तेव्हा समोरचा रस्ता लहान होता. आता चौपदरी झाला, मधे डिव्हायडर आला. अलीकडे आमची कॉलनी. पलीकडे बसथांबा, शाळा, भाजीवाले आणि सुकन्याचं घर. सुकन्या म्हणजे लताची मुलगी. तिच्या लग्नात तू पंगतीत वाढायला होतास. ती बँकेत जाते. तिची मनस्विनी दुसरीत आहे. शाळा सुटली की लता मनूला इकडे आणायची आणि संध्याकाळी सुकन्या घेऊन जायची. दोन विधवा जावा आणि एक पोर, असं आमचं दुपारचं घर. रस्ता ओलांडल्याशिवाय त्या घराचं पान हलत नाही. यापुढे पोरीला मीच आणणार, दुसरं कोणी नाही.

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते त्या तिठ्यावर तुमच्या लोकांनी झेब्रा आखून ठेवलाय. त्यावरून कोणी जात नाही. पुढे वळणावर डिव्हायडरचा कठडा वाकून फट पडली आहे, सगळ्या बाया त्या फटीतून जातात. लता तिथेच पडली. तेव्हा झेब्रा तिठ्यावरून हलवून फटीपाशी न्यावा, तिथे ब्रेकर घालावा आणि गाडीवाल्याला लांबून दिसेल अशी पाटी लावावी.

तिठ्यावरून लोक का जात नाहीत, हे तू विचारशील. तिथे उतारा असतो. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. मी जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं आहे.

सुकन्या काल दवाखान्यात म्हणाली, "मोठी आई, जूनपर्यंत रस्त्याचं काही झालं नाही तर मनूला मी तिकडे पाठवणार नाही. शेजाऱ्यांकडे ठेवीन." तिचं चुकतंय असं मला म्हणता आलं नाही. पण लता औषधाने जेवढी उठेल त्याहून जास्त त्या पोरीमुळे उठेल, हे मी रोज बघते. तेव्हा जून ही मुदत समज.

सिंधुआक्का


लातूर
१६ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप सिंधुआक्कांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. लताबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. आरतीने डिंकाचे लाडू केले आहेत. उद्या सकाळच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे डबा देतो, स्टँडवरून कोणीतरी घेऊन जावं.

दहावीला तुमच्याकडे राहिलो तेव्हा तुमच्या हातात लाकडी पट्टी असायची. पाकीट उघडताना माझा हात आपोआप मागे गेला. त्यामुळे 'बघतो' लिहीत नाही. काय केलं तेच लिहितो.

झेब्रा हलवण्याचा अर्ज तुमच्या नावाने तयार करून दाखल केला. तुमचा उताऱ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा निघाला. अशा गोष्टी नकाशात दिसत नाहीत, जागेवर राहणाऱ्यालाच ठाऊक असतात. तुम्हाला त्यावर जास्त लिहायचं नाही हे समजलं; त्यातून शेजारपाजार दुखावतो. मी संबंधित खात्याला पत्र टाकलं आहे. त्यांचा माणूस जागा बघून जाईल. तोवर तुम्ही उताऱ्यावरून कोणाशी बोलू नका. लोक अशा बाबतीत फार हळवे असतात, कोर्टापर्यंत जातात.

आक्का, माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली. या कचेरीत कागद कसा चालतो हे मला माहीत आहे, म्हणून जूनचं वचन देत नाही. पण कागद माझ्या टेबलावर थांबणार नाही, एवढं लिहून देतो.

आपला,
रेणुकादास


नांदेड
९ फेब्रुवारी २०२४

चि. रेणुकादास यास,
आशीर्वाद.

लाडू पोचले. लताने एक खाल्ला, बाकीचे मनूने. लता वॉकर धरून दारापर्यंत येते. तिथून रस्त्याचा आवाज ऐकते आणि परत फिरते.

उताऱ्यासाठी सरकारात खातं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ऐकून बरं वाटलं. काहीतरी सुधारलं म्हणायचं. मात्र त्या खात्याचा कोणी माणूस आलेला नाही, आणि उतारे कमी व्हायचे सोडून वाढले. तू बोलू नका म्हणालास तरी मी रुद्राणीशी बोलले. रुद्राणी गल्लीच्या तोंडाशी राहते. तिचे दोन्ही मुलगे टमटम चालवतात आणि आमच्याकडच्या बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत. तिने तोंडावर सांगितलं, "उतारा हाय तोवर आमी तिथून पाय टाकनार न्हाई."

आता दुसरं. दोन माणसं वेल्डिंगचं मशिन घेऊन आली आणि वळणावरच्या फटीत आडवा पाइप ठोकून गेली. कोणाच्या सांगण्यावरून, ते त्यांना माहीत नव्हतं. बाया आता त्या पाइपखालून वाकून जातात. पूर्वी निदान मान वर असायची.

मीही गेले. एकाहत्तराव्या वर्षी, मनूचा हात धरून. ती सुटसुटीत पुढे निघाली आणि माझा पदर पाइपच्या टोकात अडकला. वळणावरून ट्रक हॉर्न वाजवत आला. मनू रस्त्यात उभी राहून ओरडली, "मोठी आजी, साडी सोडून दे ना!" तिला वाटलं, साडीही हातातल्या पिशवीसारखी सोडून देता येते. ट्रकवाल्याने कसाबसा बाजूने काढला आणि जाताना माझ्या वयाचा उद्धार केला. बरोबर केला.

हे मी सुकन्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. आता मनूला टमटममध्ये घालून पुढच्या सिग्नलपर्यंत जाते आणि तिथून वळसा घेऊन परत येते. समोर दिसणाऱ्या घरासाठी.

सिंधुआक्का


लातूर
२ मार्च २०२४

तीर्थस्वरूप आक्कांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पाइपखालून जाऊ नका. हात जोडतो.

उताऱ्याचं थोडं पुढे सरकलं. बऱ्याच खटपटीनंतर एक उतारा हाती आला. त्यावर चार नावं आहेत, पैकी दोघे मयत. वारसांची नोंद झालेली नाही, म्हणून प्रकरण दुरुस्तीला गेलं. रुद्राणी नावाची बाई मात्र त्यात कुठेच नाही. त्यांचा दावा टिकणार नाही. त्यांना हे गोडीत सांगा, उगाच भांडण नको. तुम्ही आणखी उतारे असल्याचं लिहिलं आहे. त्यांचे नंबर मिळाले तर काम सोपं होईल.

फटीबाबत : धोका लक्षात घेऊन ती बंद करण्याची सूचना देण्यात आलेली होती.

निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल. ती लागली की नवीन कामाला हात लावता येत नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

आपला,
रेणुकादास


नांदेड
८ मार्च २०२४

रेणुकादास,
आशीर्वाद शेवटी.

कुठला दावा? कुठली चार नावं? उताऱ्यावर नाव नसतं. उताऱ्यावर लिंबू असतं.

मी लिहिणार नव्हते, तू लिहायला लावलंस. उतारा म्हणजे पत्रावळीवर भाताचा मुटका, त्यावर हळदकुंकू, गुलाल, टाचणी टोचलेलं लिंबू, कधी अंडं, कधी बिब्बा. घरात दुखणाईत असला की त्याच्यावरून उतरवायचा, अंधार पडला की तिठ्यावर नेऊन ठेवायचा आणि मागे न बघता घरी यायचं. तो ज्याने ओलांडला त्याच्यामागे ते दुखणं लागतं, असं मानतात. आमच्या तिठ्यावर, बरोबर तुमच्या झेब्र्याच्या तोंडाशी, रोज सकाळी एखाददुसरा पडलेला असतो. अमावास्येला तर रांग. आणि तू इतके दिवस तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा शोधत होतास! मयतांचे वारस शोधत होतास!

लताला हे वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की खुबा दुखला. म्हणाली, "बाई, त्यांना लिहा, लिंबाचा नंबर मिळाला की कळवते."

मला हसू आलं नाही. माझ्याकडून एक वाक्य कमी लिहिलं गेलं आणि त्यात हिवाळा गेला.

रुद्राणीचंही नीट लिहिते, म्हणजे पुन्हा दावा काढणार नाहीस. मी तिला म्हटलं होतं, "तू एकदा तिठ्यावरून गेलीस तर सगळ्या तुझ्यामागे येतील."

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. तुमाला काय बी होत न्हाई. आमाला होतंय."

"आणि लताला फटीत झालं ते?"

"त्ये गाडीनं झालं. गाडी दिसती तरी."

मी तिथून निघाले. घरी आले तर लता कॉटवरून म्हणते, "वर्गात बोलल्यासारखं बोललात ना? मग तिला बाकावर उभी का नाही केलीत?"

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. 'सूचना देण्यात आलेली होती.' वाक्यात कर्ता असतो हे मी तुला पट्टी घेऊन शिकवलं होतं. कर्ता शोध आणि लिहून पाठव.

आशीर्वाद.
सिंधुआक्का


लातूर
२० मार्च २०२४

तीर्थस्वरूप आक्कांस,
सा. नमस्कार.

कर्ता मी.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी फट बंद करायला सांगितलं. लताबाई जिथे पडल्या तिथे दुसरं कोणी पडू नये, एवढंच डोक्यात होतं. फट बंद झाली की लोक झेब्र्यावर जातील, असं आमच्या पुस्तकात असतं. पाइपखालून वाकणारी माणसं पुस्तकात नसतात. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही म्हणून तसं वाक्य लिहिलं. आक्का, त्या वाक्यांवर आमची कचेरी चालते.

उताऱ्याबद्दल काय लिहू? आधी हसलो. मग फाइल उघडली. त्यात माझ्याच अक्षरात 'सदर ठिकाणी उतारा असल्याने पादचारी जात नाहीत' असं लिहिलेलं, खाली साहेबांची सही आणि त्याखाली भूमी अभिलेखाला पत्र. कोणालाही काही वावगं वाटलेलं नाही. लहानपणी माझ्यावरूनही उतारा टाकला होता. आई म्हणाली मागं बघू नको, मी बघितलं नाही. इतकं बघितलं नाही की शब्दच विसरलो.

आता कामाचं. झेब्रा फटीपाशी नेता येणार नाही. तुमच्या शब्दाखातरही नाही. फट वळणावर आहे. गाडीवाल्याला माणूस दिसेपर्यंत ब्रेक लावायची जागा संपलेली असते. तिठ्यावर दोन्हीकडचं लांबपर्यंत दिसतं, ओलांडायची जागा तीच. तिथे रस्ता थोडा उंच करून गाड्या हळू करता येतील आणि मधे थांबायला बेट देता येईल, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. पण लोक आलेच नाहीत तर ते बेट बकऱ्यांना बसायला होईल.

आचारसंहिता लागली. नवीन काम नाही, पण जागा बघायला मनाई नाही. निवडणुकीच्या ड्यूटीतून सुटलो की एका रविवारी येतो.

एक विचारू? तुमचा उताऱ्यावर विश्वास नाही. मग पदर अडकला त्या दिवशी तुम्ही तिठ्यावरून का गेला नाहीत?

आपला,
रेणुकादास


नांदेड
२० मे २०२४

चि. रेणुकादास यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास, बरं झालं. पँटीला लागलेला नालीचा चिखल निघाला का? झेब्र्याच्या पलीकडच्या टोकाला नाली आणि बाभळी आहेत, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. मला वाटलं, आखणाऱ्याला माहीत असेल. तू घसरलास तेव्हा रुद्राणी हसली आणि म्हणाली, "साहेब, ह्याच्यावरून जाऊन मानसानं उतरायचं कुठं, नालीत?" मी तिला गप्प केलं नाही. ती परीक्षेत पास झाली होती.

नालीवर फरशी टाकून पलीकडे थेट बसथांब्यापर्यंत वाट काढता येईल, असं तू जाताना म्हणालास. ते रुद्राणीने ऐकलं. तू लातूरच्या गाडीत बसलास आणि ती संध्याकाळी लताकडे आली. बसली, चहा घेतला, बशी खाली ठेवली, मग म्हणाली, "त्यो साहेब म्हनला तशी वाट झाली तर मंग चार वाटा व्हतेत की."

मी म्हटलं, "होतील. मग?"

"मंग त्यो तिठा न्हाई राहिला. चौक झाला."

"चौकात उतारा टाकत नाहीत?"

"दुसऱ्याचं मला म्हाईत न्हाई. आमच्यात तिठाच लागतो. मागं पान्याच्या टाकीपशी हाय की तिठा. तिथं टाकतेत. तिकडं कुनाला जायाचंय?"

"आणि बाया चौकातून जातील?"

तिने माझ्याकडे मी मठ्ठ असल्यासारखं बघितलं. "चौकातून जायाला काय धाड भरली, बाई?"

मी जन्मभर ज्या गोष्टीला नाही म्हटलं, तिला एक फरशी टाकून वळसा घालता येतो, हे मला सुचलं नव्हतं. लता म्हणाली, "बाई, हे तुमच्या विज्ञानात बसतं का?" मी म्हटलं, भूगोलात बसतं.

तेव्हा चौथी वाट नकाशात घाल. का हवी ते अर्जात लिहू नकोस. 'पादचाऱ्यांच्या सोयीसाठी' लिही. ते खोटं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तू समोर असताना टाळलं. नाली हे कारण खरं आहे, पुरं नाही. त्या दिवशी मनूला पलीकडे सोडायला निघाले तेव्हा मी आधी तिठ्यावरच गेले होते. तिथे ताजा उतारा होता. एकटी असते तर त्यावरून चालत गेले असते, गेलेही आहे. हातात लताची नात होती. मी वळले आणि पाइपखाली वाकले. यावर काही लिहू नकोस.

सिंधुआक्का


लातूर
२८ जुलै २०२४

तीर्थस्वरूप आक्कांस,
सा. नमस्कार.

जून गेला. मला माहीत आहे.

आचारसंहिता उठली तोवर पाऊस लागला. पावसात डांबराचं काम सुरू होत नाही. नकाशा वर गेला, खाली आला. साहेबांनी विचारलं, चौथी वाट कशाला, तिकडे तर नुसत्या बाभळी आहेत. मी म्हटलं, पादचाऱ्यांच्या सोयीसाठी. ते म्हणाले, ठेवा. पण मधलं बेट खोडलं. म्हणाले, रंगाचे पट्टे पुरेत.

मी बेट परत घातलं. पुन्हा खोडलं. पुन्हा घातलं. आता नकाशा त्यांच्या टेबलावर आहे आणि मी रोज त्यांच्या केबिनवरून उगाच जातो.

आरती विचारते, तुम्ही दुसऱ्याच्या गावच्या रस्त्यासाठी एवढं का कष्टी होता? मी तिला तुमचं मेमधलं ते पत्र दाखवलेलं नाही.

आपला,
रेणुकादास


नांदेड
१९ ऑगस्ट २०२४

चि. रेणुकादास यास,
आशीर्वाद.

शाळा सुरू झाली त्या दिवसापासून मनू इकडे येत नाही. सुकन्याने शब्द पाळला. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "मोठी आई, साडीचं मला मनूने त्याच दिवशी सांगितलं होतं. मी जूनपर्यंत थांबले." म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि मी महिनोन्‌महिने तिच्यासमोर निवांत चेहरा करून बसत होते.

दुपारी शाळा सुटायच्या वेळी लता वॉकर धरून फाटकाशी जाते. मनू पलीकडून हात करते. मधून गाड्या जातात, आवाज पोचत नाही. परवा पोरीने वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून दोन्ही हातांनी वर धरलं. लताने विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं, "आजी, लवकर बरी हो." मलाही दिसलं नव्हतं.

बेट खोडू देऊ नकोस. लताला एका दमात रस्ता ओलांडता येणार नाही, तिला मधे थांबायला लागेल.

आशा आहे, असं लिहू नकोस. तारीख लिही.

सिंधुआक्का


लातूर
३ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आक्कांस,
सा. नमस्कार.

तारीख : पुढच्या सोमवारी काम सुरू.

मधे विधानसभेची आचारसंहिता आली, म्हणून पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कामाचा आदेश आता निघाला, मी स्वतः घेऊन कंत्राटदाराकडे गेलो. रस्ता उंच करणं आहे, नालीवर फरशी आहे, चौथी वाट आहे. बेट आहे. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी नकाशा नीट न बघता सही केली. मी थांबवलं नाही.

बेटाची रुंदी मी वॉकर आणि बाजूला एक माणूस उभं राहील एवढी ठेवली आहे. ती कुठल्या नियमात आहे, असं कोणी विचारलं तर नियमही शोधून ठेवला आहे.

दिव्याचा खांब मंजूर झाला. दिवा झालेला नाही. अंधार पडल्यावर लताबाईंना तिथून नेऊ नका.

वळणावर पाइपऐवजी उंच जाळी लावायला सांगितली. कर्ता मीच.

आपला,
रेणुकादास


नांदेड
१३ जानेवारी २०२५

चि. रेणुकादास यास,
अनेक आशीर्वाद.

काम झालं. खडी आठवडाभर आमच्या दारात पडून होती आणि मजूर दोनदा निघून गेले, पण झालं.

पट्टे वाळले तरी बाया लांब उभ्या होत्या. मग रुद्राणी नारळ घेऊन आली. तुझ्या बिनदिव्याच्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मोठ्याने म्हणाली, "आजपासून हा चौक. ज्याला टाकायचंय त्यानं टाकीपशी जावा." आणि पहिली ती गेली. मागून सगळ्या. मी कडेला उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाली, "चला बाई, तुमचाच चौक हाय."

आता तिचाच धाकटा मुलगा टमटम आणून झेब्र्यावर उभा करतो. त्याला मी रोज बोलते. तो रोज 'हाव बाई' म्हणतो आणि चाक एक वीत मागे घेतो. उंचवट्यापाशी गाड्या हळू होतात, सगळ्या नाही. टाकीपाशी उतारे वाढले आहेत, आणि टाकीपलीकडे आता प्लॉट पडताहेत. तिथे लोक राहायला आले की पुन्हा कोणाला तरी पत्र लिहावं लागेल. ते मी लिहिणार नाही. मला थकवा आलाय, रेणुकादास. तुलाही आला असेल.

आज भोगी. सुकन्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लताने सकाळपासून बाजरीच्या भाकरीला तीळ लावले आणि दुपार व्हायच्या आधीच वॉकर धरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, अजून शाळा सुटायची आहे. म्हणाली, "तुम्ही या सावकाश."

सुपूर्दगीची नोंद खाली केली आहे. काम झाल्यावर ती करतात, असं तूच सांगितलं होतंस. फाइलीत लाव.

आज दुपारी शाळा सुटल्यावर चौथ्या वाटेच्या तोंडाशी सुकन्याने मनस्विनी, इयत्ता तिसरी, दप्तरासह माझ्या हाती दिली. पहिला अर्धा रस्ता ओलांडून बेटावर थांबलो. एक ट्रक आमच्यासाठी थांबला, त्यामागची जीप थांबली नाही. ती गेल्यावर निघालो. अलीकडच्या कडेला लताच्या हाती दिली. पायाखाली काही नव्हतं, मी बघितलं.

देणार : सुकन्या
आणणार : सिंधु
घेणार :

मुलगी मिळाली. पाण्याची बाटली पलीकडेच राहिली.
लता